इलेक्ट्रोस्प्रेमध्ये दिसलेले शिखर द्रावणातलेच आहे, हे कशावरून मानावे? (तांबे आणि हिस्टिडीन)

खाजनकाठ यांची विचारणा

मी गोव्यात रसायनशास्त्रात संशोधन करीत असून धातूंचे आयन आणि सेंद्रिय लिगँड (धातूला बांधले जाणारे रेणू) यांचे पाण्यातील वर्तन हा माझा विषय आहे. मांडवीच्या खाडीतील आणि खाजनांतील (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनींतील) पाण्यात तांबे व लोह नेमक्या कोणत्या रूपात असतात, तिथपर्यंत पुढे जाण्याचा मानस आहे. मात्र त्या गढूळ प्रश्नात उतरण्याआधी, धातू व लिगँड किती घट्ट बांधले जातात ते सांगणारे जिचे सर्व स्थिरांक छापील कोष्टकांत मिळतात अशा एखाद्या जोडीवर इलेक्ट्रोस्प्रे मास स्पेक्ट्रोमेट्रीची (द्रावणाचा विद्युतभारित फवारा करून त्यातील आयनांची वस्तुमाने मोजण्याची) पद्धत पारखून घ्यावी, म्हणून द्विसंयुजी तांबे आणि हिस्टिडीन (एक अमिनो आम्ल) यांची निवड केली.

मूळ द्रावणात ५ मिलिमोलर कॉपर नायट्रेट आणि १० मिलिमोलर हिस्टिडीन असून सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच ७.२ वर आणला आहे. द्रावण गडद निळे आहे आणि शोषणाचे शिखर ६४० नॅनोमीटरच्या आसपास येते. म्हणजे एका तांब्याला दोन हिस्टिडीन, हे पुस्तकातले चित्र जुळते. उपकरण दुसऱ्या संस्थेत आहे. तिथे सर्वांसाठी ठेवलेल्या मिश्रणात, म्हणजे समभाग मेथॅनॉल व पाणी आणि त्यात ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल, हे द्रावण पाचशे पट विरल केले. सिरिंज पंपाने मिनिटाला ५ मायक्रोलिटर या वेगाने ते सोडले, सुईवर ३.५ किलोव्होल्ट, कोन व्होल्टेज (आयन उपकरणात शिरताना त्यांना ओढणारा विद्युतदाब) ४० आणि ध्रुवता धन, अशी मांडणी होती.

वर्णपटात सर्वांत मोठे शिखर एम/झेड (वस्तुमान भागिले प्रभार) १५६ ला आले, त्याखालोखाल ११० ला. तांब्याची (तांबे-६३ व तांबे-६५ या समस्थानिकांची) खूण असलेली २१७ व २१९ ही जोडी ठळक आहे, पण २१८ लाही २१७ च्या साधारण पाव उंचीचे शिखर आहे, ज्याचा अर्थ मला लागलेला नाही. दोन हिस्टिडीन असलेल्या कॉम्प्लेक्सची (धातू व लिगँड यांच्या संयुगाची) ३७२ व ३७४ ही जोडी जेमतेम दिसते. याशिवाय १७८, २३५, २४९ आणि ३९४ येथे लहान शिखरे आहेत.

प्रयोगशाळेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, मास स्पेक्ट्रोमीटर रेणू थेट मोजतो आणि शोषणाचा वर्णपट केवळ सरासरी दाखवतो, तेव्हा द्रावणात एकाच हिस्टिडीनचे कॉम्प्लेक्स मुख्य आहे असे सरळ लिहावे. मला ते पटत नाही, पण खोडून काढण्याइतका आधारही हाताशी नाही. दोन्हींपैकी कोणावर विश्वास ठेवावा? आणि ही पद्धत खाडीच्या पाण्याला थेट लावता येईल का?

थेंबाथेंबाने यांचा प्रतिसाद

दोन्ही वर्णपट खरे आहेत, मात्र ते एकाच द्रावणाचे नाहीत. तुमच्या क्युव्हेटमध्ये (शोषण मोजण्याच्या पारदर्शक पात्रात) एक द्रावण होते आणि सिरिंजमध्ये दुसरे.

सर्वांत आधी फॉर्मिक आम्लाकडे पाहावे. ०.१ टक्का फॉर्मिक आम्लाचा पीएच साधारण २.७ असतो. हिस्टिडीनच्या अमिनो गटाचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा प्रोटॉन सुटलेला असतो तो) ९.१ च्या आणि इमिडाझोल या वलयाचा ६ च्या आसपास असल्यामुळे त्या पीएचला दोन्ही नायट्रोजन प्रोटॉन धरून बसलेले असतात आणि तांब्याला द्यायला त्यांच्याकडे इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी उरत नाही. पहिल्या हिस्टिडीनसाठी स्थिरता स्थिरांकाचा लॉग सुमारे १०.२ आहे खरा, पण तो पूर्णपणे प्रोटॉनमुक्त लिगँडसाठी. पीएच २.७ ला त्याचे प्रभावी मूल्य इतके घसरते की, १० मायक्रोमोलर तांब्यापैकी हजारात एखादाच आयन हिस्टिडीनला बांधलेला असावा. मेथॅनॉलमुळे हे आकडे थोडे सरकतील, पण चित्र पालटणार नाही. तेव्हा तुम्हाला ठळक दिसलेले २१७ हे शिखर ज्या कॉम्प्लेक्सचे आहे, ते सिरिंजमध्ये जवळजवळ नव्हतेच. तुमच्या सहकाऱ्यांना हे गणित कागदावर मांडून दाखवा; त्यापेक्षा भक्कम आधार मिळणार नाही.

मग ते आले कुठून? सुईच्या टोकाशी सुटलेला थेंब काही मायक्रोमीटरचा असतो. गरम नायट्रोजनमध्ये द्रावक उडत जातो, प्रभार मात्र थेंबावरच राहतो. पृष्ठभाग आकसत जाऊन प्रभारांमधील अपसरण पृष्ठताणाला भारी पडू लागले, म्हणजे रेलेची मर्यादा गाठली गेली, की थेंबातून आणखी लहान थेंब फुटून बाहेर पडतात, आणि हा क्रम पुन्हा पुन्हा चालतो. मिठागरात भरतीचे पाणी उन्हाने आटत जाते तसे इथे विरघळलेले सर्व काही दाट होत जाते. मेथॅनॉल आधी जाते, मागे पाणी व आम्ल उरते, आणि संहती, पीएच, द्रावकाचे प्रमाण हे तिन्ही क्षणोक्षणी बदलतात. तांब्याचा आयन अशा बदलाला लगेच जुळवून घेतो: त्याच्याभोवतीचे पाण्याचे रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा अदलाबदल करतात. थेंबाचे आयुष्य मिलिसेकंदाहून कमी असले, तरी समतोल नव्याने मांडला जायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. त्यापुढे, उरलासुरला द्रावक झडताना आणि वायूच्या रेणूंशी टकरा होताना, प्रोटॉनयुक्त तुकडा निघून जाऊन २१७ तयार होणे सहज शक्य आहे.

दुसरे कारण ११० च्या शिखरात आहे. १५६ म्हणजे प्रोटॉनयुक्त हिस्टिडीन. त्यातून फॉर्मिक आम्लाइतके, म्हणजे ४६ वस्तुमान गेले की ११० उरते. हा हिस्टिडीनचा नेहमीचा तुकडा आहे आणि तो दुसऱ्या क्रमांकाला येतो, याचा अर्थ कोन व्होल्टेज ४० असताना आयन उगमापाशीच फुटत आहेत. सहसंयुज बंध तुटत असताना तांब्यावरचा दुसरा हिस्टिडीन टिकून राहील अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. व्होल्टेज १० च्या आसपास आणा आणि ११० दिसेनासे होईपर्यंत खाली जा. संवेदनक्षमता थोडी घटेल, ती घटू द्यावी.

आता २१८. तुमच्या वर्णपटातील मला सर्वांत रोचक वाटलेला भाग हाच आहे. २१७ म्हणजे द्विसंयुजी तांबे अधिक एक प्रोटॉन गमावलेला हिस्टिडीन. त्याच आयनात कार्बन-१३ किंवा नायट्रोजन-१५ आल्यामुळे २१८ ला काही उंची मिळणारच. सहा कार्बन व तीन नायट्रोजन धरून ती २१७ च्या साधारण साडेसात ते आठ टक्के भरते. तुम्हाला पाव उंची दिसते, म्हणजे वरचा भाग कुणा दुसऱ्याचा आहे. एकसंयुजी तांबे अधिक अखंड हिस्टिडीन यांचे वस्तुमान नेमके २१८ येते. तांब्याचे क्षपण झाले आहे (त्याने एक इलेक्ट्रॉन घेतला आहे), आणि तेही बहुधा निर्वाताकडे जाताना, कारण द्विप्रभारित तांब्याभोवतीचे द्रावकाचे कवच पातळ झाले की लिगँडकडून किंवा द्रावकाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेणे त्याला फायद्याचे ठरते. २२० पाहा: तेथे तांबे-६५ मुळे त्याच वाढीव भागाच्या ४५ टक्क्यांच्या जवळ उंची मिळाली, तर निदान पक्के. मेथॅनॉलऐवजी ॲसिटोनायट्राइल वापरण्याचा मोह मात्र टाळावा. ते एकसंयुजी तांब्याला इतके आवडते की १४५ व १४७ ला, दोन ॲसिटोनायट्राइल धरून बसलेल्या तांब्याची जोडी सगळा वर्णपट व्यापून टाकते.

२३५ व २४९ ही २१७ मध्ये अनुक्रमे पाणी व मेथॅनॉल जोडले गेल्याची शिखरे आहेत. तांब्याभोवती जागा रिकामी असलेला आयन उपकरणातील उरलेसुरले रेणूही पकडतो. त्यांना द्रावणातल्या मिश्र कॉम्प्लेक्सचा दर्जा देऊ नये. १७८ व ३९४ ही सोडियमची करामत आहे. पीएच अमोनियाच्या द्रावणाने जुळवावा, सोडियम हायड्रॉक्साइडने नव्हे.

एक गोष्ट मात्र तुमच्या सहकाऱ्यांच्या बाजूने सांगायला हवी. आम्ल नसते आणि व्होल्टेज कमी असते, तरीही १० मायक्रोमोलरला तुम्हाला एका हिस्टिडीनचे कॉम्प्लेक्स बऱ्यापैकी दिसले असते, आणि ते खरे असते. दुसऱ्या हिस्टिडीनचा स्थिरांक पहिल्याहून लहान आहे. पीएच ७ ला त्याच्या प्रभावी मूल्याचा लॉग ५.८ च्या आसपास भरतो. त्यावरून गणित केले, तर ५ मिलिमोलरला जवळपास सर्व तांबे दोन हिस्टिडीनसह असते, १०० मायक्रोमोलरला ८५ टक्क्यांहून थोडे अधिक, आणि १० मायक्रोमोलरला दोन-तृतीयांशच. नुसते विरल केल्यानेच एक-तृतीयांश तांब्याने दुसरा हिस्टिडीन सोडलेला असतो. तेव्हा शोषणाचा वर्णपटही त्याच विरल द्रावणाचा, लांब मार्गाच्या क्युव्हेटमध्ये, घेता आला तर तुलना न्याय्य ठरेल. फिक्या रंगामुळे ते अवघड जाईल हे मान्य, पण १०० मायक्रोमोलरला निश्चित जमेल.

समतोल यांचा प्रतिसाद

मी अनेक वर्षे फोंड्याकडे असेंद्रिय रसायनशास्त्र शिकवले. वरील विवेचन उत्तम आहे. त्याला काही पुरवण्या जोडतो आणि एका ठिकाणी सावध करतो.

दोन हिस्टिडीनचे कॉम्प्लेक्स पीएच ७ ला विद्युतदृष्ट्या उदासीन असते. उदासीन रेणू या उपकरणाला दिसतच नाही. तो दिसतो तेव्हा त्याला एक प्रोटॉन जोडला गेलेला असतो, म्हणून ३७२, किंवा सोडियम, म्हणून ३९४. याउलट एका हिस्टिडीनच्या कॉम्प्लेक्सवर द्रावणातच एक धन प्रभार आहे, त्यामुळे ते वायुरूपात येण्यासाठी कुणाच्या मदतीची वाट पाहत नाही. या दोघांच्या शिखरांच्या उंचीची तुलना करून द्रावणातील प्रमाण सांगणे म्हणजे एकाला रांगेत उभे करून दुसऱ्याला थेट आत सोडण्यासारखे आहे. मुक्त तांब्याचे तर विचारूच नका. पाण्याने वेढलेले द्विप्रभारित आयन वायुरूपात आणून त्यांचा अभ्यास करण्याचे काम कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात पॉल केबार्ले यांच्या गटाने १९९० च्या सुमारास केले, आणि तेव्हाच हेही स्पष्ट झाले की शेवटचे काही पाण्याचे रेणू काढताना अडचण येते. तांब्याची दुसरी आयनीकरण ऊर्जा २०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि पाण्याची पहिली १२.६, एवढी तफावत असताना दोन प्रभार धरलेला उघडा तांबे-आयन पाण्याच्या एखाद-दुसऱ्या रेणूसोबत स्वस्थ बसणार नाही. तो इलेक्ट्रॉन ओढतो, किंवा हायड्रॉक्साइड धरून ठेवून प्रोटॉन दुसऱ्या पाण्याकडे ढकलतो. म्हणून सर्वसाधारण मांडणीत मुक्त तांब्याचे शिखर मिळत नाही, आणि ते मिळाले नाही याचा अर्थ द्रावणात मुक्त तांबे नाही असा मुळीच होत नाही.

एकाच प्रभाराचे आयन असले तरी प्रतिसाद सारखा नसतो. याचे सोपे प्रात्यक्षिक अठरा-क्राउन-सहा हा कड्याच्या आकाराचा ईथर, सोडियम आणि पोटॅशियम घेऊन करता येते. पाण्यात हा ईथर पोटॅशियमला सोडियमपेक्षा जास्त घट्ट धरतो. लॉग साधारण २.० विरुद्ध ०.८. मेथॅनॉलमध्ये दोन्ही मूल्ये कितीतरी वाढतात, म्हणजे ६.१ व ४.३ च्या आसपास, पण क्रम तोच राहतो. निव्वळ वायुरूपात मात्र लहान सोडियम जास्त घट्ट बांधला जातो. २८७ (सोडियमसह) व ३०३ (पोटॅशियमसह) ही शिखरे घेऊन, व्होल्टेज आणि द्रावक बदलत, त्यांचे गुणोत्तर कसे सरकते ते एकदा स्वतः पाहावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दुपारभरात हा प्रयोग देता येतो, आणि त्यानंतर उंचीवरून संहती सांगण्याची घाई ते करीत नाहीत.

आता सावधगिरीचा मुद्दा. आम्ल काढून टाकल्यावर साहजिकच सगळे अमोनियम ॲसिटेटकडे वळतात आणि त्याला पीएच ७ चे बफर म्हणतात. ते ७ ला बफर नाहीच. ॲसिटिक आम्लाचा पीकेए ४.७६ आणि अमोनियमचा ९.२५, मधल्या भागात ते पीएच जवळजवळ राखतच नाही. त्यात धन ध्रुवतेत सुईच्या टोकाशी पाण्याचे ऑक्सिडीकरण होऊन प्रोटॉन सुटतात, म्हणून थेंबाचा पीएच ४.७५ कडे घसरू लागतो आणि तिथे गेल्यावरच बफर काम करू लागते. तुमच्या दोन हिस्टिडीनच्या कॉम्प्लेक्सला पहिला प्रोटॉन ५ ते ६ च्या दरम्यान जोडला जातो, त्यामुळे ३७२ दिसण्याला ही घसरण हातभार लावते; पण आणखी खाली गेल्यास ती त्याच कॉम्प्लेक्सला मोडतेही. उपाय म्हणून अमोनियम ॲसिटेट वापरावे, पण प्रवाहाचा वेग फार कमी करू नये, कारण विद्युतप्रवाह साधारण तेवढाच राहून पाणी कमी झाले की प्रत्येक थेंबावर पडणारा प्रोटॉनांचा वाटा वाढतो.

सुईच्या टोकाशी चालणारे हे विद्युतविघटन कल्पनेतले नाही. केबार्ले यांच्याच गटाने १९९१ मध्ये केशनलिकेच्या टोकाला जस्त बसवून पाहिले, तेव्हा त्या जस्ताचेच आयन वर्णपटात उतरले. तुमची सुई स्टीलची असेल तर लोह आणि निकेल यांच्याबाबत तेच होऊ शकते, आणि पुढे लोहावर काम करायचे असल्यास ही बाब तुम्हाला आत्ताच निकालात काढावी लागेल.

फॉर्मिक आम्लाचे मिश्रण सर्वत्र आधीच तयार का असते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. जॉन फेन यांना २००२ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला तो मोठ्या जैविक रेणूंच्या अभ्यासासाठी, आणि आजही बहुतेक उपकरणे प्रथिने व औषधे यांच्या सोयीने लावलेली असतात. धातूवाल्यांनी आपले द्रावक आपण घेऊन जावे.

खाजनकाठ

आपणा दोघांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे अमोनियम ॲसिटेट ५ मिलिमोलर, मेथॅनॉल फक्त एक-दशांश, तांबे १०० मायक्रोमोलर आणि कोन व्होल्टेज १० ठेवून पुन्हा वर्णपट घेतला. आता ३७२ व ३७४ ही जोडी तांब्याच्या शिखरांत सर्वांत मोठी आहे, ११० नाहीसे झाले आहे आणि २१८ ची उंची २१७ च्या आठ-नऊ टक्क्यांवर आली आहे. त्याच द्रावणाचे शोषण ६४० नॅनोमीटरलाच आहे. मात्र खालच्या बाजूला १०५, १८७ आणि २६९ अशी, प्रत्येकी ८२ अंतराची दुर्बळ शिखरे नव्याने आली. आधी ते दोन ॲसिटोनायट्राइलचे अंतर वाटले, पण मी ॲसिटोनायट्राइल वापरलेच नाही. मूळ द्रावण जुनेच होते.

शिवाय एक शंका आहे. समतोल सरांच्या म्हणण्याप्रमाणे उंचीवरून काहीच सांगता येत नसेल, तर स्थिरांक काढण्यासाठी ही पद्धत निरुपयोगीच मानायची का?

थेंबाथेंबाने

१०५ हा दोन सोडियम व एक ॲसिटेट यांचा आयन आहे आणि पुढे प्रत्येक पायरीला एक सोडियम ॲसिटेट वाढते. जुन्या मूळ द्रावणातील सोडियम अजून बोलत आहे. दोन ॲसिटोनायट्राइलचे अंतर ८२.०५ आणि सोडियम ॲसिटेटचे ८२.००, चांगल्या विभेदनाच्या उपकरणावर हा फरक सहज दिसतो. अमोनियाने नवे मूळ द्रावण करा आणि काचेऐवजी पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत ठेवा.

निरुपयोगी हा शब्द मला मान्य नाही, आणि इथे सरांशी माझा किंचित मतभेद आहे. एकाच शिखराची उंची, परिस्थिती न बदलता, लिगँडची संहती वाढवत नेली असता कशी बदलते हे पाहणे वेगळे, आणि दोन निरनिराळ्या आयनांच्या उंचींची एकदाच तुलना करणे वेगळे. पहिल्या प्रकारात प्रतिसादाचा गुणक प्रत्येक आयनासाठी एक अज्ञात म्हणून समीकरणात ठेवता येतो आणि पुरेसे बिंदू असतील तर तो बाहेर काढता येतो. त्याहून चांगले म्हणजे स्पर्धा लावणे: ज्याचा स्थिरांक ठाऊक आहे असा लिगँड सोबत ठेवावा, आणि दोन्ही कॉम्प्लेक्सांचा प्रभार व आकार शक्य तितका सारखा राहील असे पाहावे. शिवाय एका गोष्टीत ही पद्धत शोषणाच्या वर्णपटाच्या पुढे आहे: एका तांब्याला किती लिगँड, किती प्रोटॉन, आणि तिसरे कुणी सोबत आहे का, हे ती थेट सांगते. पोटेन्शिओमेट्रीत (पीएच इलेक्ट्रोडने केलेल्या अनुमापनात) वक्र जुळवताना आपण ज्या प्रजाती गृहीत धरतो, त्या मुळात आहेत की नाहीत हे ठरवण्यासाठी मी तिचा उपयोग करतो. आकडे पोटेन्शिओमेट्रीचेच घेतो.

समतोल

स्पर्धेचा मुद्दा मान्य. एक अट घालतो. क्रोमियम(तीन) किंवा कोबाल्ट(तीन) यांसारख्या मंद आयनांवर ही पद्धत डोळे झाकून वापरता येते, कारण क्रोमियम(तीन)वरचे पाणी बदलायला दिवस लागतात, थेंबाच्या आयुष्यात ते हलतही नाही. निकेल सेकंदाला काही दहा हजार वेळा पाणी बदलते, म्हणून मध्ये कुठेतरी बसते. तांब्यासारख्या चपळ आयनावर मात्र किमान दोन प्रवाहवेगांना आणि दोन तापमानांना तेच उत्तर येते का, हे दाखवल्याखेरीज मी तरी प्रबंध तपासताना स्थिरांक स्वीकारणार नाही.

भरती-ओहोटी यांचा प्रतिसाद

खाडीच्या पाण्याबद्दलचा प्रश्न मागे पडला, म्हणून लिहितो. माझे काम किनारी पाण्यातील सूक्ष्म धातूंवर आहे.

थेट फवारणी अशक्य आहे. समुद्राच्या पाण्यात सोडियम अर्ध्या मोलरच्या जवळ असतो आणि विरघळलेले तांबे नॅनोमोलरच्या पातळीवर. म्हणजे एका तांब्यामागे कोट्यवधी सोडियम. सुईच्या टोकाशी मिठाचा थर बसून फवारा काही मिनिटांत बंद पडतो आणि वर्णपटात सोडियम क्लोराइडच्या पुंजक्यांशिवाय काही दिसत नाही. पावसाळ्यात मांडवी मुखापर्यंत जवळपास गोडी होते, तेव्हाचे पाणी तुलनेने सोपे वाटेल. पण त्याच दिवसांत ते लाल गाळाने भरलेले असते, आणि ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून लोहाचे कलिल (अतिसूक्ष्म तरंगते कण) सहज पार होतात. खाजनातले पाणी त्या मानाने अधिक उपयुक्त ठरेल, कारण तिथे कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेले सेंद्रिय पदार्थ भरपूर असतात. मानशीच्या (खाजनाच्या बांधातील झडपेच्या) दाराआतले आणि बाहेरचे पाणी एकाच ओहोटीला घेतले, तर तुलनाही आपोआप मिळते.

प्रत्यक्षात चालणारा मार्ग असा. मीठ मागे सोडून सेंद्रिय लिगँड धरून ठेवणाऱ्या पॉलिस्टायरीन प्रकारच्या रेझिनवरून काही लिटर पाणी जाऊ द्यावे, थोड्या शुद्ध पाण्याने मीठ धुऊन काढावे आणि मग मेथॅनॉलने लिगँड उतरवावेत. पुष्कळ ठिकाणी रेझिनवर घालण्यापूर्वी पाण्याचा पीएच २ वर आणण्याची कृती दिलेली असते. सेंद्रिय कार्बन मोजायचा असेल तर ती योग्य आहे. तुमच्या कामासाठी ती घातक आहे. का, ते वर हिस्टिडीनच्या उदाहरणात आलेच आहे. उतरवलेला अंश क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून सोडून प्रवाहाचे दोन भाग करावेत, किंवा तोच स्तंभ दोनदा चालवावा: एकदा आयसीपी (तप्त प्लाझ्मा वापरणाऱ्या) मास स्पेक्ट्रोमीटरकडे, एकदा इलेक्ट्रोस्प्रेकडे. आयसीपीमध्ये सर्व रेणू मोडून केवळ मूलद्रव्य उरते, त्यामुळे तांबे किंवा लोह कितव्या मिनिटाला उतरले ते कळते. इलेक्ट्रोस्प्रे त्या मिनिटाला कोणकोणते रेणू होते ते दाखवतो. हजारो शिखरांच्या गर्दीत धातू असलेले शिखर समस्थानिकांच्या जोडीवरून शोधायचे: तांब्यासाठी १.९९८२ अंतरावर ४५ टक्के, लोहासाठी १.९९५३ खाली ६.४ टक्के. इथे एक खाचखळगा आहे. क्लोरिनच्या जोडीचे अंतर १.९९७० आणि प्रमाण ३२ टक्के असते. अंतरातला फरक मिलिडाल्टनच्या (वस्तुमानाच्या एककाच्या हजाराव्या भागाच्या) घरात असल्यामुळे साध्या विभेदनाच्या उपकरणावर क्लोरिनयुक्त रेणू तांब्याचा म्हणून खपून जातो, आणि खाऱ्या पाण्यात असे उमेदवार कमी नसतात. म्हणून आयसीपीची साक्ष सोडू नये.

पाणी कुठून घेता यालाही महत्त्व आहे. रायबंदर किंवा चोडणच्या फेरीबोटीच्या धक्क्यावरून बादली टाकणे सोयीचे वाटते, पण तिथे गंजलेला रॅम्प आहे आणि बोटींच्या तळाला शेवाळ व शिंपले धरू नयेत म्हणून लावण्याच्या रंगांत क्यूप्रस ऑक्साइड हाच नेहमीचा घटक असतो. तुम्ही नदीतले नव्हे, रंगातले तांबे मोजाल. होडीतून, प्रवाहाच्या वरच्या बाजूला हात लांब करून, आम्लाने धुतलेल्या बाटलीत नमुना घ्यावा आणि शुद्ध पाण्याची एक बाटली तसाच प्रवास घडवून कोऱ्या नमुन्यासारखी मोजावी.

खाजनकाठ

हे मोलाचे आहे, देव बरे करो. तांब्यासाठी हिस्टिडीन झाले. लोहासाठी संपूर्ण कृतीची, म्हणजे रेझिनपासून फवाऱ्यापर्यंतची, परीक्षा घेता येईल असा एखादा खात्रीचा लिगँड कोणता?

भरती-ओहोटी

डेस्फेरिऑक्सामीन-बी घ्यावे. सूक्ष्मजीव लोह मिळवण्यासाठी जे रेणू सोडतात त्यांतलाच हा एक असून लोह(तीन)साठी त्याच्या स्थिरांकाचा लॉग ३० च्या वर आहे. त्यामुळे अमोनियम ॲसिटेटच्या पीएचमधील घसरणीने तो मोडत नाही. लोहाशिवायचा रेणू ५६१.३६ ला आणि लोहासह ६१४.२७ ला येतो. गाळलेल्या पाण्याच्या एका भागात तो लोहासह नॅनोमोलर पातळीवर मिसळून संपूर्ण कृती करावी, आणि शेवटी किती परत मिळाला ते आयसीपीवर मोजावे. दुसऱ्या भागात तो लोहाशिवाय मिसळावा. तिथेही ६१४.२७ उभे राहिले, तर लोह पाण्यातून आले की स्टीलच्या सुईतून, हे ठरवण्यासाठी तोच लोहविरहित रेणू शुद्ध पाण्यात घेऊन फवारावा. प्रत्येक वेळी ६१२.२७७ ला लोह-५४ चे लहान शिखर तपासावे. ते मोठ्या शिखराच्या सहा-साडेसहा टक्क्यांच्या आसपास नसेल, तर ६१४.२७ मध्ये दुसरे काहीतरी मिसळले आहे आणि त्या दिवसाचे आकडे वापरू नयेत.